गरम झाल्यावर चेनसॉची ताकद जाते तेव्हा

सकाळी दोन दोऱ्यांत चालू होतं, अर्धा तास झकास कापतं, आणि मग बार (चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) लाकडात घातला की आवाज बसतो. रेस पूर्ण दाबली तरी चेन रेंगाळते. बंद करून सावलीत ठेवलं, माणसांचा चहा झाला, की पुन्हा दहा मिनिटं बरं चालतं आणि परत तेच. दापोली तालुक्यातल्या माझ्या दुकानात एप्रिल-मेमध्ये येणाऱ्या बहुतेक चेनसॉंची तक्रार ही अशी असते. पूर्वी ही मशीन इकडे लाकूडवाल्यांकडेच दिसायची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, माड-पोफळी, आंबे, फणस आडवे झाले, रस्ते मोकळे करायला माणसं मिळेनात, आणि त्यानंतर बागायतदारांनी घरोघरी चेनसॉ घेतले. मशीन आली, पण ती कशी तपासायची हे कुणी सांगितलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट अशी की गरम मशीनचा आजार गरम मशीनवरच दिसतो. तुम्ही ती टेम्पोत घालून माझ्याकडे आणता तोवर ती गार झालेली असते. मी दोरी ओढतो, ती चालू होते, करंट (प्लगची ठिणगी) चांगला, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चांगलं. मग मला ती तासभर लाकडात चालवून पुन्हा तापवावी लागते. जे दोन-तीन पुरावे हवे असतात ते मशीन बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मिळतात, आणि ते झाडाखाली उभा असलेला माणूसच गोळा करू शकतो. त्यासाठी १३ आणि १९ चा कॉम्बी पाना (मशीनबरोबर येतो तोच), एक नवीन प्लग, एक स्वच्छ फडकं आणि चामडी हातमोजे एवढं जवळ ठेवा. कार्ब्युरेटरचा स्क्रूड्रायव्हर मुद्दाम घरी ठेवा. त्याचं कारण पुढे येईल.

आधी ठरवा: इंजिन बसतंय की चेन अडतेय

ताकद गेली असं वाटतं तेव्हा निम्म्या वेळा इंजिन ठणठणीत असतं. खाली पडलेला भुसा बघा. धार असलेली चेन कीस पाडते, बोटात धरता येईल असा. पीठ पडत असेल तर चेन बोथट आहे. बोथट चेन लाकडात आपणहून शिरत नाही, माणूस वरून दाबतो, इंजिन ओझ्याखाली सतत पूर्ण रेसवर राहतं आणि तापतं. माडाचं खोड चेनची धार फार लवकर खातं. किनाऱ्यावरचा सुरू तर त्याहून वाईट, कारण सालीत रेती भरलेली असते. असं लाकूड कापताना पेट्रोलच्या प्रत्येक टाकीला चेनवर कानस फिरवावीच लागते. ०.३२५ पिचच्या चेनला ४.८ मिमीची गोल कानस, ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमीची. कोन साधारण ३० अंश, सगळ्या दातांना सारखे घाव. दातापुढचा जो बुटका उंचवटा असतो तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असावा. दात कानसून कानसून खाली येतात आणि हा उंचवटा तसाच राहतो, मग धार असूनही चेन लाकूड धरत नाही. चपटी कानस घेऊन तोही उतरवायचा असतो, हे फार थोडे लोक करतात.

त्याच वेळी बंद मशीनची चेन हातमोजा घालून हाताने ओढून बघा. ब्रेक सोडलेला असताना ती मोकळी सरकली पाहिजे. अडत असेल तर ती जास्त आवळलेली आहे, किंवा बारला ऑइल पोचत नाही, किंवा ब्रेकचा पट्टा अर्धवट धरून बसलाय. ऑइल येतंय का ते बघायला बारचं टोक एखाद्या पांढऱ्या ओंडक्यासमोर धरून रेस द्या, तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. जळकं इंजिन ऑइल गाळून बारला वापरायची पद्धत सगळीकडे आहे. त्यातला काळा गाळ पंपाच्या जाळीत बसतो आणि बार कोरडा चालतो. बार निळसर पडलेला दिसला तर हेच झालंय.

इंजिनाचा आवाज चढतोय पण चेन जागेवर थांबतेय, आणि करपल्याचा वास येतोय, तर क्लच घसरतोय. त्यात इंजिनाचा दोष नाही. झाकण काढून क्लचचे शू आणि ड्रम बघा.

आणि एक सांगतो, कुणाला राग आला तरी. बाजारात ५८ सीसी म्हणून मिळणाऱ्या स्वस्त मशीनला २२ इंची बार लावून देतात. तो पूर्ण बार किंजळ-ऐनाच्या ओंडक्यात पुरला की ते इंजिन पुरं पडत नाही, ते नवीन असलं तरी. १८ इंची बार आणि त्याला जुळणारी चेन लावा. मोठ्या ओंडक्याला दोन्ही बाजूंनी काप घ्या. बऱ्याच लोकांची तक्रार एवढ्यावर संपली आहे.

मशीन बसली त्या घडीला

कीस चांगला पडतोय, चेन मोकळी आहे, तरी इंजिन दमतंय. आता खरी तपासणी. मशीन बंद करा, सपाट जागी ठेवा, सिगारेट-बिडीवाल्याला लांब पाठवा.

आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होतं तशी बाहेरची हवा आत यावी लागते, त्यासाठी एक छोटा व्हेंट असतो. काही मशीनना तो झाकणात असतो, काहींना टाकीच्या अंगाला वेगळी नळी असते. त्यात भुसा आणि तेल बसलं की टाकीत पोकळी तयार होते आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल ओढता येत नाही. झाकणावर फडकं ठेवा, तोंड लांब ठेवा आणि अगदी सावकाश फिरवा. आत हवा ओढल्यासारखा सूं आवाज आला, झाकण परत लावल्यावर मशीन लगेच पूर्ण ताकदीने चालली आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने बसली, तर दोष सापडला. व्हेंट साफ करा किंवा बदला, किरकोळ खर्चाचं काम आहे. उलट बाहेर हवा फुसकन आली तर घाबरू नका. उन्हात टाकीत वाफेचा दाब होतो, आणि बहुतेक व्हेंट हवा फक्त आत घेतात, बाहेर सोडत नाहीत. पण सावधपणा याचसाठी हवा: टाकी अर्ध्याच्या वर भरलेली आणि मशीन कडक तापलेली असेल तर झाकण झटक्यात उघडल्यावर पेट्रोलची पिचकारी उडून तापलेल्या सायलेन्सरवर पडू शकते. अशा वेळी मशीन थोडी निवू द्या. कोंडलेली पोकळी तेवढ्याने जात नाही.

मग करंट. हातमोजा घालून प्लग काढा. त्याच्या टोकाचा रंग बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मला तो फोटो तुमच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. तपकिरी असेल तर जळण ठीक चाललंय. पांढराफटक, कोरडा असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन कुठून तरी जास्तीची हवा घेतंय. काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त होतंय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा करंट कमजोर आहे. आता प्लगचं भोक फडक्याने बंद करा, प्लग कॅपमध्ये घालून त्याची धातूची बाजू भोकापासून लांब, सिलिंडरच्या पात्यांना टेकवा आणि दोरी ओढा. भोक बंद करणं विसरू नका, आतून पेट्रोलची वाफ येते आणि ठिणगीला पेट घेते. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, बारीक, मधूनच गायब होणारी ठिणगी असेल तर त्याच जागी नवीन प्लग लावून बघा. गरम झाल्यावर आतून दगा देणारे प्लग असतात, वरून ते नवे दिसतात. या मशीनना बहुधा एनजीकेचा बीपीएमआर ७ ए किंवा त्याच्या जोडीचा प्लग चालतो, गॅप ०.५ मिमी.

नव्या प्लगलाही करंट नसेल तर स्विचची वायर कॉइलपासून सोडवून पुन्हा बघा. ही वायर हँडलच्या आत कुठे तरी घासून उघडी पडते आणि कंपनाने मधूनच बॉडीला टेकते. ती सोडवून करंट आला तर वायर बदला. सोडवलेल्या अवस्थेत मशीन चालवू नका, बंद करायला स्विच उरत नाही. तरीही करंट नाही तर राहते ती कॉइल. कॉइलच्या आत केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे असतात. त्यावरचं आवरण एखाद्या ठिकाणी कमजोर झालं की थंडपणी ते टिकतं, तापलं की सोडून देतं. अर्ध्या तासाने निवलं की परत ठीक. म्हणून कॉइलचा दोष दुकानात कधीच दिसत नाही आणि माणसं कार्ब्युरेटर बदलत बसतात. नवी कॉइल बसवताना ती आणि मॅग्नेट (दोरीच्या झाकणामागचं फिरतं चाक) यांच्यात ०.३ मिमी अंतर ठेवा. एक जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून स्क्रू आवळले की ते जमतं.

करंट उत्तम, झाकणही ठीक. मग शेवटची चाचणी दोरीची. प्लग परत घट्ट लावा, स्विच बंद, चेनवर कव्हर घाला. दोरीची मूठ धरून मशीन जमिनीपासून थोडी वर अधांतरी सोडा. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर ती अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली येते. सरळ घसरत खाली आली तर रिंग आणि बोअर झिजले आहेत. हीच चाचणी सकाळी गार मशीनवर करून ठेवलेली असेल तर फरक हाताला कळतो. दुकानात मी गेज लावतो. चांगल्या मशीनला १५० पीएसआयच्या आसपास मिळतं. १०० च्या खाली गेलेली मशीन गार असताना कशीबशी चालते, तापली की दम सोडते. गेज घेणार असाल तर वाल्व नळीच्या प्लगकडच्या टोकाला आहे ना ते बघा. लांब नळीचे मोटारसायकलचे गेज एवढ्या लहान सिलिंडरला खोटं, कमी माप दाखवतात.

एक प्रसंग वेगळा ओळखा. मशीन हळूहळू दमली नाही, भर कापात एकदम आवाज पडून थांबली, आणि दोरी जड झाली किंवा हललीच नाही, तर पिस्टन धरला आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकला आहे. दहा मिनिटांनी दोरी सुटते आणि मशीन चालूसुद्धा होते. चालू करू नका. सायलेन्सर काढून पिस्टन बघितल्याशिवाय पुढचा एक काप घेऊ नका.

पेट्रोल आणि ऑइल

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्याकडे येणारे धरलेले पिस्टन बहुतेक इथूनच आलेले असतात.

या इंजिनाला वेगळी ऑइलची टाकी नसते, पेट्रोलबरोबर जाईल तेवढंच वंगण. चांगलं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल असेल आणि मशीनची पुस्तिका १:५० म्हणत असेल तर लिटरला २० मिली. स्वस्त मशीनच्या पुस्तिकेत १:२५ दिलेलं असतं, म्हणजे लिटरला ४०. पुस्तिकेत जे आहे ते घाला. पुस्तिका हरवली असेल तर ४० कडे झुका. टोपणाने, अंदाजाने ओतू नका. मेडिकलमध्ये मिळणारी ५० मिलीची सिरिंज वापरा. थोडं जास्त घातलं तर इंजिन थंड राहील असं समजून दुप्पट-तिप्पट ऑइल घालणारे आहेत. त्याने दोन नुकसानं होतात. सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो. शिवाय कार्ब्युरेटरच्या त्याच भोकातून जाणाऱ्या मिश्रणात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल तेवढं घटलं, इंजिन उलट जास्त तापतं.

हर्णे बंदराच्या आसपासच्या गावांत आणखी एक सवय आहे. बोटीच्या आउटबोर्ड इंजिनाचं ऑइल घरात असतंच, तेच चेनसॉला घातलं जातं. त्या डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं असतं. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं आहे. चेनसॉ हवेने थंड होतो, त्याचा पिस्टन कितीतरी जास्त तापतो. डब्यावर एपीआय टीसी किंवा जासो एफसी, एफडी असं वाचून घ्या. मोटारसायकलचं इंजिन ऑइल तर नकोच.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने गाठला, आणि पंपावर आता बहुतेक तेच मिळतं. चेनसॉच्या बहुतेक पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. त्यामुळे साध्या पेट्रोलवर बसवलेला कार्ब्युरेटर या पेट्रोलवर कमी इंधन देतोय असं इंजिनाला जाणवतं. गाडीत सेन्सर असतो, तो सांभाळून घेतो, चेनसॉमध्ये सांभाळणारं कुणी नाही. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे पडदेही त्याने कडक किंवा लिबलिबीत होतात.

कोकणात त्याहून मोठा धोका पावसाळ्यातला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. अर्धा भरलेला कॅन जून ते सप्टेंबर पडवीत राहिला की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. मशीनच्या टाकीतला फिल्टर तळाशीच लोळत असतो, म्हणजे इंजिन जे ओढतं त्यात ऑइल जवळपास नसतंच. जुनं मिश्रण काचेच्या बाटलीत घेऊन तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर किंवा ढगाळपणा दिसला तर ते कुठल्याही इंजिनात घालू नका. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करा. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत सावकाश चालवा.

भर उन्हाळ्यात अजून एक प्रकार होतो. मशीन चांगली चालत असते, पाणी प्यायला पाच मिनिटं बंद केली, आणि मग चालूच होत नाही, झाली तरी धडपडते. चालू असताना पंखा वारा घालत असतो, बंद केल्याबरोबर सिलिंडरची सगळी उष्णता कार्ब्युरेटरकडे येते आणि आतलं पेट्रोल उकळून वाफ होते. बंद करण्याआधी मिनिटभर रेस न देता चालू ठेवा, सावलीत ठेवा, टाकी अगदी तळाला जाऊ देऊ नका. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला उष्णता अडवणारा पत्रा किंवा प्लास्टिकचा पडदा जागेवर आहे का तेही बघा. आधी कुणी मशीन खोललेली असेल तर तो बऱ्याचदा परत बसवलेलाच नसतो.

टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर काढून बदला. धुवून वापरू नका, स्वस्त मिळतो.

वारा कोंडणं आणि धूर कोंडणं

स्टार्टरची बाजू खोला. दोरीच्या झाकणाची जाळी, मॅग्नेटची पाती, सिलिंडरच्या पात्यांमधल्या फटी, या सगळ्यात तेलकट भुसा थापलेला असतो. फणसाचा चीक आणि माडाचा काथ्या असेल तर तो थर लाकडी काडीने खरवडावा लागतो, नुसत्या हवेने निघत नाही. पंख्याची एक-दोन पाती तुटली असतील तरी वारा कमी होतो.

सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवायची बारीक जाळी असते. ती कार्बनने बुजली की धूर बाहेर पडत नाही, इंजिन रेस घेत नाही, गरम झाल्यावर तर अजिबात नाही. जाळी काढून तारेच्या ब्रशने घासा, नाही निघालं तर गॅसच्या टॉर्चने लाल करून झटका. परत लावा. वाळलेल्या गवतात, काजूच्या बागेत जाळीशिवाय मशीन चालवणं म्हणजे वणव्याला आमंत्रण आहे.

इंजिन हवा घेतंय का

आता सगळ्यात फसवा दोष. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांना जोडणारा रबरी किंवा प्लास्टिकचा तुकडा असतो. गार असताना त्याची चीर मिटलेली असते, तापली की उघडते. तिथून फिल्टर आणि कार्ब्युरेटरला चुकवून हवा आत जाते, पेट्रोल-ऑइलचं प्रमाण घसरतं, इंजिन पांढरं जळायला लागतं. स्वस्त मशीनमध्ये हा तुकडा धरणारे दोन स्क्रूच कंपनाने सैल होतात. दर पाच-सहा टाक्यांनी फिल्टर आणि कार्ब्युरेटर काढून ते आवळायची सवय ठेवा.

खुणा अशा. गरम मशीन रेस सोडल्यावर लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद वरच रेंगाळते. स्लो (रेस न दाबता इंजिन चालतं तो वेग) आज एक, उद्या दुसरा. स्लोवर चालू असताना मशीन डावीकडे-उजवीकडे कलती केली की आवाज बदलतो. क्रँकच्या दोन टोकांच्या ऑइल सीलमधूनही हवा जाते, ती क्लचच्या मागे तेलाचा ओलसर डाग दाखवते. काही जण तापलेल्या चालू मशीनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी ते करू नका, स्प्रे पेटतो. नीट पद्धत म्हणजे कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरची तोंडं बंद करून आत ०.५ बार हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा दाखवतो कुठून. मग तेवढीच पोकळी ओढूनही बघायची, कारण काही सील आतून बाहेर धरतात पण बाहेरून आत सोडतात. ही सोय असलेला मेकॅनिक शोधा. ज्याच्याकडे हा पंप आहे तो तुमचे पैसे वाचवेल.

स्क्रू सगळ्यात शेवटी

कार्ब्युरेटरवर एच आणि एल असे दोन स्क्रू असतात. एच पूर्ण रेसच्या पेट्रोलचा, एल स्लो आणि पिकअपचा. उजवीकडे फिरवला की पेट्रोल कमी, डावीकडे फिरवला की जास्त. एच थोडा उजवीकडे नेला की मशीन किंचाळायला लागते आणि गार असताना ताकद वाढल्यासारखी वाटते. म्हणूनच माणसं फसतात. तीच मशीन तापल्यावर दमते, मग अजून थोडा उजवीकडे, आणि संध्याकाळी पिस्टन धरलेला. गरम झाल्यावर ताकद जाते आहे आणि कुणी तरी एच फिरवलेला आहे, ही जोडी दिसली की मी आधी सायलेन्सर उघडतो.

बाकी सगळं नीट केल्यावरच स्क्रूला हात लावा. नवीन एअर फिल्टर, धारदार चेन, ताजं मिश्रण, मशीन पूर्ण तापलेली. दोन्ही स्क्रू हलके बसेपर्यंत उजवीकडे न्या, दाबू नका, आणि दोन्ही एक-एक फेरा डावीकडे सोडा. बहुतेक मशीन एवढ्यावर चालू राहते. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो खरा. एल असा ठेवा की रेस दाबताच न अडखळता उचलेल. मग तिसऱ्या स्क्रूने स्लो एवढा खाली आणा की चेन थांबलेली राहील. एचसाठी मशीन लाकडाबाहेर क्षणभर पूर्ण रेसवर न्या. आवाज किंचित फाटका, भरभरल्यासारखा हवा. लाकडात बार घातला की तो फाटकेपणा जाऊन आवाज स्वच्छ व्हायला हवा. लाकडाबाहेर स्वच्छ, चिरका आवाज येत असेल तर एच डावीकडे सोडा, अष्टमांश फेऱ्याने. लाकडातही भरभरतच राहिली तर तेवढाच उजवीकडे. नव्या मशीनच्या स्क्रूवर टोप्या असतात किंवा त्यांना डी आकाराच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. त्या टोप्या उपटू नका. नुसत्या स्क्रूने काम भागत नसेल तर आतला पडदा कडक झालाय किंवा नीडल चिकटतेय, कार्ब्युरेटरचं किट बदलायचं काम आहे.

पिस्टन उघडल्यावर

सायलेन्सर काढून भोकातून टॉर्चने पिस्टन बघा. गुळगुळीत, रिंगा मोकळ्या, कारखान्यात कातताना पडलेल्या बारीक आडव्या रेषा अजून दिसताहेत, तर तो चांगला आहे. सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे म्हणजे ऑइल किंवा पेट्रोल कमी पडलं. कार्ब्युरेटरच्या बाजूला झीज आणि ओरखडे म्हणजे फिल्टरमधून धूळ गेली, फाटलेला किंवा नीट न बसवलेला फिल्टर. नव्या पिस्टनचं किट घालायला मशीन आणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारतो की पहिला का गेला ते सापडलं का. हवा घेणारा सांधा तसाच ठेवून नवा पिस्टन बसवला तर तोही त्याच वाटेने जातो, आणि पैसे दोनदा जातात.

नवीन पिस्टन बसवताना त्यावरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगेचं तोंड खाचेतल्या पिनवर, गजन पिनचे (पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या पिनचे) लॉक नवे. पहिल्या दोन-तीन टाक्या एच पाव फेरा डावीकडे सोडून चालवा, धूर थोडा जास्त दिसेल, दिसू द्या. पातळ फांद्या कापा, मोठा ओंडका नको, पण नुसती स्लोवर भुरभुरत ठेवूनही रिंगा बसत नाहीत. त्यानंतर गरम मशीनवर एच परत जागेवर आणा, सिलिंडरचे बोल्ट आणि कार्ब्युरेटरचे ते दोन स्क्रू पुन्हा एकदा आवळा, आणि प्लग काढून रंग बघा.